गिरदावर काकांची सही

गिरदावर काका चालताना बोलत नसत. समोरून कोणी नमस्कार केला तर ते उजव्या हाताचं एक बोट वर करत, तसेच पुढे चालत राहत, आणि विजेच्या खांबापाशी नाहीतर एखाद्या घराच्या फाटकापाशी पोहोचले की वळून म्हणत, "हां, नमस्कार. बोला आता." नवख्या माणसाला वाटे, म्हातारा गर्विष्ठ आहे. आम्हाला ठाऊक होतं की काका पावलं मोजत आहेत आणि मधे तोंड उघडलं की त्यांची मोजणी चुकते. त्यांच्या दारापासून किराण्याचं दुकान एकशे बारा पावलं, दत्ताचं देऊळ तीनशे चाळीस, आमचं घर बासष्ट. पावसाळ्यात चिखल असला की बासष्टची पासष्ट होत, आणि ते दारात उभं राहून तसं सांगतही.

एकदा गल्लीत नळाची पाइपलाइन टाकायला आलेल्या मिस्त्रीची टेप तुटली. काका टाकीपासून शेवटच्या घरापर्यंत चालत गेले आणि म्हणाले, एकशे चौऱ्याऐंशी फूट. मिस्त्री हसला. दुसऱ्या दिवशी त्याने नवी टेप आणून मोजलं तर एकशे पंच्याऐंशी भरले. काकांनी टेप हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "नवी हाय," ते म्हणाले, "अजून ताणली नाई."

त्यांची सगळी नोकरी महसूल खात्यात गेली. गिरदावर म्हणजे पटवाऱ्यांच्या वरचा आणि तहसीलदाराच्या खालचा माणूस. शेतं मोजायची, बांधाची भांडणं मिटवायची, जागेवर जाऊन पाहायचं आणि पाहिलं तसं लिहून सही करायची. आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला गावचं कपाशीचं शिवार आणि बाजारहत्नूरकडची डोंगरकडेची गावं त्यांनी पायी पालथी घातली होती. कचेरीत ते अस्खलित तेलुगू बोलत, दुकानदाराशी हिंदी, आणि घरी आमची वऱ्हाडी वळणाची मराठी. तिच्यात निजामाच्या वेळचे शब्द अजून ठाण मांडून बसलेले होते. अर्जाला ते दरख्वास्त म्हणत, फाइलीला मिसल म्हणत, सूचनेला इत्तला, आणि भाजीत मीठ कमी पडलं की काकींना विचारत, "इत्तला न देता मीठ काऊन कमी केलं?"

"आधी मोजा, मंग भांडा" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आमच्या गल्लीत दोन शेजारणींचं सांडपाण्याच्या नालीवरून दोन वर्षं भांडण चाललं होतं. दोघींच्या मते नाली दुसरीच्या जागेत होती. काकांनी एका रविवारी दोरी घेऊन मोजलं आणि नाली तिसऱ्याच माणसाच्या जागेत निघाली. तो बिचारा नोकरीसाठी निर्मलला राहत होता आणि त्याला या भांडणाची खबरही नव्हती. त्या दिवशी दोघी काकींच्या ओट्यावर एकत्र चहा प्यायल्या. काका आत बसून आपल्या वहीत त्या नालीचा नकाशा काढत होते. कोणी मागितला नव्हता तरी.

काकी त्यांच्या अगदी उलट. मोजून काही करणं त्यांना जमत नसे. पीठ अंदाजाने मळत, माणसं अंदाजाने जेवायला बोलावत. माझी आई गेली तेव्हा मी शिक्षिकेच्या नोकरीला नुकती लागले होते. त्यानंतरचं वर्षभर काकींनी मला आणि बाबांना रात्रीचं ताट पाठवलं, एकदाही न विचारता. काकींचं माहेर नांदेडचं. आई लहानपणीच गेल्यामुळे त्यांना थोरल्या बहिणीने वाढवलं होतं. तिला त्या अक्का म्हणत. दर महिन्याला एकदा, सकाळच्या गाडीने, ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून त्या अक्कांना भेटायला जात. जाताना एकट्या, येताना काका स्टेशनवर हजर. मीही त्याच गाडीने दोन स्टेशनं पुढच्या गावच्या शाळेत जाते, म्हणून त्या दिवशी आम्हा दोघींचा प्रवास बरोबर होई. खिडकीची जागा त्या मला कधी देत नसत. म्हणत, "तू रोज जातेस, मले मयन्यातून एकदाच पाहाले भेटते."

आता स्टेशनचं सांगायला हवं. स्टेशनचं तोंड बाजाराकडे आहे आणि आमची वस्ती रुळांच्या पलीकडे. मी लहान होते तेव्हा पलीकडे म्हणजे कपाशीची शेतं, एक जिनिंग कारखाना आणि दहा-पंधरा घरं एवढंच होतं. रूळ ओलांडायला फाटक होतं. फाटक बंद असलं की लोक सायकली आडव्या धरून गप्पा मारत. पुढे जिनिंग बंद पडलं, शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर घरं आली, आणि गेल्या काही वर्षांत तर चार-चार मजले उठले. कॉलेजची मुलं भाड्याने राहू लागली, दवाखान्यातल्या परिचारिका, बँकेतले, दुकानांतले कामगार, सगळे इकडेच. मग फाटक कायमचं बंद झालं आणि रुळांखालून पायी जायला सबवे आला. बाजाराच्या बाजूला त्याला छान उतार होता. आमच्या बाजूला जागा नाही म्हणून पायऱ्या केल्या. चौतीस पायऱ्या, उभ्या आणि अरुंद.

सकाळी साडेसात ते आठ या वेळात त्या पायऱ्यांवर उतरणं हे एक काम होऊन बसलं. वरून आम्ही नोकरीवाले आणि कॉलेजची पोरं, खालून बाजारातून येणाऱ्या भाजीवाल्या डोक्यावर पाट्या घेऊन, मधेच कोणी सायकल खांद्यावर घेतलेला. दोन माणसं शेजारून जेमतेम जात. पावसाळ्यात तळाशी घोटाभर पाणी साचे, मग लोक शेवटच्या पायरीवर थबकत आणि मागची रांग वरच्या रस्त्यापर्यंत जाई. गाडीचा भोंगा खाली ऐकू येई आणि सगळे एकमेकांना ढकलू लागत. आम्ही सगळे कुरकुरत होतो आणि रोज उतरत होतो. म्हातारी माणसं हळूहळू दिसेनाशी झाली. ती कुठे गेली, असा प्रश्न मला तरी पडला नाही.

मग काकींना लकवा झाला. उजवं अंग बचावलं, डावा पाय आणि हात गेला. वाचा आली, पण चाकांची खुर्ची कायमची झाली. चार महिन्यांनी जरा बरं वाटल्यावर त्यांनी पहिलं काही मागितलं ते अक्काकडे जायचं. मोटारीत त्यांना फार वेळ बसवत नसे, गाडीत आडवं होता येतं. उड्डाणपुलावरून स्टेशनला वळसा घालून रस्ता होता, पण तो चार किलोमीटरचा, शिवाय रिक्षात चढवायचं-उतरवायचं म्हणजे पुन्हा उचलणंच. म्हणून सबवेनेच जायचं ठरलं. गल्लीतल्या चौघांनी खुर्ची उचलली. काका पुढे, "जरा जागा द्या, जरा जागा द्या" म्हणत, आणि मी मागे पिशवी घेऊन.

पंधरा-सोळा पायऱ्या नीट गेल्या. मग खालून लोंढा आला. एकाचा धक्का लागून खुर्ची एका बाजूला कलली, काकींचा पदर खांद्यावरून घसरला आणि त्यांना तो सावरता येईना, कारण उजव्या हाताने त्यांनी खुर्ची घट्ट धरली होती. मी पोहोचेपर्यंत पाच-सात क्षण गेले असतील. कोणी वाईट वागलं नाही. उलट सगळे "सांभाळा, सांभाळा" म्हणत होते, आणि त्यामुळे सगळेच बघत होते. गाडीत काकींनी त्या दिवशी खिडकीकडेही पाहिलं नाही. दोन दिवसांनी परत आल्या, तशाच उचलून आणाव्या लागल्या, आणि घरात आल्यावर काकांना म्हणाल्या, "यापुढं मले सामानासारखं नेऊ नका. मी इथंच बरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीला निघाले तेव्हा काका सबवेच्या तोंडाशी उकिडवे बसून पायरीची उंची पट्टीने मोजत होते. माणसं त्यांना वळसा घालून जात होती. आठवडाभर ते रोज तिथे होते. उतार करायचा तर किती लांब लागेल, किती रुंद लागेल, पाणी कुठून काढावं लागेल, सगळं त्यांनी कागदावर मांडलं आणि तेलुगूत, हिंदीत दरख्वास्ती लिहिल्या. एके दिवशी पाहणीला आलेला एक तरुण इंजिनियर त्यांना भेटला. भला माणूस होता. त्याने काकांचा कागद पूर्ण वाचला आणि सांगितलं की हिशोब बरोबर आहे, उतार करायची त्यांचीही इच्छा होती, पण या बाजूला सलग जागाच नाही. सरकारी नकाशात इथे एकही रस्ता दाखवलेला नाही, सगळे खाजगी प्लॉट आहेत.

हे ऐकून काका घरी आले. दोन दिवस बाहेर पडले नाहीत. काकींनी मला निरोप पाठवून बोलावलं आणि हळूच म्हणाल्या की यांचं काहीतरी बिनसलंय, जेवतानासुद्धा बोलून नाही राह्यले. तिसऱ्या दिवशी काका तहसील कचेरीत गेले. त्यानंतर दोन आठवडे रोज गेले. आणि एका संध्याकाळी हातात जुन्या नकाशाची नक्कल घेऊन आमच्या ओसरीवर आले.

माझे बाबा मराठी शाळेचे मुख्याध्यापक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात, काकाही म्हणत. दोघांची पस्तीस वर्षांची बैठक होती. रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसायचं, एकाने पेपर वाचायचा आणि दुसऱ्याने त्यातल्या चुका काढायच्या. त्या दिवशी काकांनी पेपराला हात लावला नाही. नकाशा पसरला आणि बोट ठेवलं. शेतांमधून एक दुहेरी रेघ थेट रुळांपर्यंत गेली होती. काका म्हणाले, हा बंडीरस्ता. जिनिंग चालू होतं तेव्हा बेल्याकडून येणाऱ्या कपाशीच्या बैलबंड्या या वाटेने मालधक्क्यावर जात. पंचवीस वर्षांपूर्वी प्लॉट पडले तेव्हा हा रस्ता वापरात नाही असा अहवाल गेला, म्हणून तो कागदावरून काढून टाकला, आणि कडेच्या तीन घरांनी आपापली भिंत पुढे सरकवली. "त्यातलं एक घर हे," काका म्हणाले. "तुमचं अंगण, गुरुजी. भिंतीपासून आत बारा फूट."

बाबांनी नकाशा पाहिला, मग अंगणाकडे पाहिलं. त्या बारा फुटांत सीताफळाचं झाड होतं. आईने लावलेलं. बाबा रोज सकाळी त्याला पाणी घालत, आणि त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलत नसे.

"वापरात नाही असा अहवाल कोणी दिला होता?" बाबांनी विचारलं.

"मी," काका म्हणाले. "सही माझी हाय."

बाबा उठून उभे राहिले. त्यांना मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं आणि त्या दिवशीही त्यांनी तो चढवला नाही. "तुमीच सही केली, तुमच्या सहीवर आमी भिंत बांधली, आन् आता तुमीच आमचं अंगण मोजाले आले," एवढंच ते म्हणाले आणि आत गेले. काकांनी नकाशा नीट घडी करून खिशात घातला आणि ते गेले. दुसऱ्या संध्याकाळी ओसरीवर एकच खुर्ची होती.

मला त्या दिवसांत कोणाची बाजू घ्यावी ते कळत नव्हतं. ते झाड मलाही आईसारखंच होतं. आणि काकींचा घसरलेला पदर मी माझ्या हाताने सावरला होता. मी दोन्ही घरांत जात राहिले आणि दोन्ही घरांत कमी बोलू लागले.

काकांच्या दरख्वास्तीवर सुनावणी लागली. तहसीलदार एक तरुण बाई होत्या, तेलुगू बोलणाऱ्या. तिन्ही घरांचे लोक हजर होते. बाबाही होते, मागच्या बाकावर, आणि त्यांच्या शेजारी मी. तिसऱ्या घराच्या मालकाने आधीच काकांना गाठून सांगितलं होतं की जुनं उकरून काढाल तर तुमच्याच पेन्शनीवर येईल. काकांना हे त्याच्याइतकंच माहीत होतं. जन्मभर त्यांनी हेच काम केलं होतं.

तहसीलदारबाईंनी विचारलं, अहवालात तर स्पष्ट लिहिलंय की जागेवर जाऊन पाहिलं, रस्ता वापरात नाही. मग आता तुम्ही वेगळं कसं म्हणता? काका तेलुगूत उत्तर देत होते. ते म्हणाले की तो अहवाल खोटा आहे. मग ते मागे वळले आणि आमच्याकडे पाहून मराठीत बोलले. "त्या दिवशी ऊन लई होतं. जिनिंग बंद पडलं होतं, बंड्या येत नव्हत्या. मी मनात म्हनलं, कोन जाते त्या वाटेनं आता? आफिसात बसून लिवलं आन् सही केली. पूर्ण नोकरीत जागेवर न जाता केलेली माझी तेवढीच एक सही. जाऊन पाह्यलं असतं तर दिसलं असतं. वस्तीतल्या बायका तवाबी त्याच वाटेनं स्टेशनले जात होत्या."

बाईंनी शिपायाला काकांसाठी पाणी आणायला सांगितलं. मग विचारलं, हे तुम्ही लिहून द्याल का? तुमच्यावर चौकशी बसू शकते. काकांनी खिशातून कागद काढला. त्यांनी घरूनच लिहून आणला होता.

निकाल लगेच लागत नसतो. मिसल एका टेबलावरून दुसऱ्यावर जात राहिली. पावसाळा गेला, हिवाळा आला. काकांना एक नोटीस आली, त्यांनी तिला उत्तर दिलं, मग दुसरी आली. बाबा त्यांच्याशी बोलत नव्हते. रस्त्यात समोरासमोर आले की काका बोट वर न करता थांबत, मोजणी सोडून देत, आणि बाबा पुढे निघून जात.

जानेवारीतल्या एका सकाळी, साडेसातच्या सुमाराला, मी निघायच्या तयारीत असताना काकांच्या घरातून हाक आली. नांदेडहून फोन होता. अक्का अत्यवस्थ होत्या आणि सारखं धाकटीचं नाव घेत होत्या. काकी खुर्चीत बसलेल्या होत्या, पदर कमरेला गच्च खोचलेला. मला पाहून म्हणाल्या, "नंदा, चौघं बलाव. उचला मले. कसंबी न्या."

चौघं मिळाली. गाडीला वीस मिनिटं होती. पण त्या दिवशी कुठलीशी परीक्षा होती, आणि सबवेचं तोंड बाहेरपर्यंत माणसांनी भरलेलं होतं. पोरं अभ्यासाची पानं हातात धरून एकेक पायरी उतरत होती. आम्ही ओरडलो. पुढच्यांनी सरकायचा प्रयत्न केला, पण सरकायला जागा नव्हती. दहा पायऱ्यांवर आम्ही अडकलो. खुर्ची खाली ठेवता येईना, वर नेता येईना. उचलणाऱ्यांचे हात भरून आले. खालून भोंगा ऐकू आला, मग गाडी सुटल्याचा आवाज. काकींनी डोळे मिटले. "वर न्या," त्या म्हणाल्या. "लोकायले जाऊ द्या, परीक्षा हाय त्यायची."

बेल्यातल्या एका ओळखीच्याची मोटार मागवली. ती यायला दीड तास गेला. काकी मोटारीतून, उशांवर टेकून, नांदेडला पोहोचल्या तेव्हा अक्का जाऊन अर्धा तास झाला होता.

त्या सकाळी आम्ही खुर्ची वर आणली तेव्हा बाबा सबवेच्या तोंडाशी उभे होते. हाक त्यांनीही ऐकली होती. ते केव्हा आले होते आणि त्यांनी काय काय पाहिलं ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. मोटार गेल्यावर ते घरी आले, पडवीतली पहार काढली आणि अंगणाच्या भिंतीवर घातली. बहात्तर वर्षांचा माणूस. मी धावले तर म्हणाले, तू शाळेत कळव की आज येत नाही आणि गवंड्याला फोन कर. संध्याकाळपर्यंत भिंत खाली होती. सीताफळाला मात्र त्यांनी गवंड्याला हात लावू दिला नाही. दोन दिवसांनी स्वतः बसून तोडून घेतलं. झाडावर मोसम सरता सरता राहिलेली चार फळं होती, ती धान्यात पुरून पिकवली आणि त्यातली दोन मला दिली. "त्यांना दे. मी दिली म्हणू नको," म्हणाले. काकांनी फळ हातात घेऊन हुंगलं. "सांगू नको कोनी दिलं ते," ते म्हणाले. "मले मालूम हाय." मग कितीतरी वेळ ते फळ खाल्लं नाही, नुसतं धरून बसले.

एक भिंत पडल्यावर दुसऱ्या दोघांना धरून ठेवणं जड गेलं. एकाने आपणहून जागा सोडली, तिसऱ्याची आदेश आल्यावर सुटली. काकांवरची चौकशी ताकीद देऊन मिटली, पेन्शन राहिली. उतार व्हायला आणखी वर्ष गेलं. काम चालू असताना काका रोज तिथे जात आणि कामगारांना हैराण करत. एका ठिकाणी उतार दोन बोटं जास्त उभा झाला म्हणून त्यांनी ओलं काँक्रीट उखडायला लावलं. मुकादम माझ्याकडे येऊन म्हणाला, "मॅडम, तुमच्या बापूंना घरी ठेवा." मी म्हटलं, ते माझे वडील नाहीत, माझे वडील तिकडे उभे आहेत. बाबा खरंच उभे होते, दुसऱ्या टोकाला, पाठ करून.

उद्घाटन असं काही झालं नाही. एका सकाळी आडोशाचे पत्रे काढले आणि लोक चालू लागले. काकींची खुर्ची काकांनी एकट्याने ढकलत खाली नेली. मी शेजारून चालत होते. गर्दी होतीच, पण ती बाजूने वाहत होती. काकी नांदेडला गेल्या, अक्कांच्या घरी दोन दिवस राहिल्या, त्यांच्या लुगड्यांपैकी एक घेऊन परत आल्या. येताना खिडकीशी बसल्या होत्या असं त्यांनी मला सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा दोघांना कायमचं हैदराबादला न्यायला आला. काकांना एकट्याने काकींचं करणं आता झेपत नव्हतं. निघायच्या दिवशी सगळी गल्ली उताराच्या तोंडाशी जमली. मुलाच्या दोन्ही हातांत सामान होतं, आणि काका खुर्चीच्या दांड्यांना हात घालणार तेवढ्यात बाबा गर्दीतून पुढे आले. त्यांनी काकांना हाताने बाजूला सारलं आणि खुर्ची स्वतः धरली. दोन म्हातारे उतारावरून खाली निघाले, एक ढकलत आणि दुसरा शेजारून. तळाशी गेल्यावर बाबा म्हणाले, "पोचले की फोन करा, गिरदावरसाहेब." अडीच वर्षांनंतरचं ते पहिलं बोलणं. काकांनी बाबांचा हात धरला आणि फलाटापर्यंत सोडला नाही.

हैदराबादहून ते दर रविवारी फोन करत. मुलाच्या घराजवळ मेट्रोचं स्टेशन होतं, तिथल्या लिफ्टने काकींना घेऊन ते दोनदा फिरून आले होते. लिफ्टचं दार फार लवकर लागतं, अशी त्यांची तक्रार होती, आणि त्याबद्दल दरख्वास्त द्यावी की नाही यावर बाबांशी अर्धा तास खल चाले.

गेल्या फेब्रुवारीत सकाळी फोन आला तो काकींचा होता. काका झोपेतच गेले होते. मी बाबांना सांगितलं. त्यांनी "बरं" म्हटलं, चष्मा पुसला, चपला घातल्या आणि बाहेर पडले. मी पर्स घेतली होती, ती ठेवून त्यांच्या मागोमाग गेले. उताराच्या तोंडाशी कोणीतरी मोटारसायकल आडवी लावून ठेवली होती. बाबांनी तिथल्या टपरीवाल्याला विचारून मालकाला शोधलं, त्याला ती काढायला लावली, आणि कठड्यावर बसले. माझी गाडी येऊन गेली. मी शाळेत कळवलं आणि त्यांच्या शेजारी बसून राहिले.

नऊच्या गाडीच्या वेळेला एक बाई कडेवर पोर आणि डोक्यावर बोचकं घेऊन घाईघाईने आली. उतारावर पाय टाकताना तिचा तोल जरा गेला.

"सावकाश जा बाई," बाबा म्हणाले. "गाडीले अजून टाइम हाय."